यंदाचा शिक्का

मी एक नोंदणीपुस्तिका बोलतेय. तळहाताएवढी, निळ्या कापडी पुठ्ठ्याची. बाप्टिस्ट मंडळीच्या एका पाळकसाहेबांची. पहिल्या पानावर त्यांचा फोटो, आणि पुढचं प्रत्येक पान एकेका वर्षाचं. दर वर्षी मार्चअखेर मंडळ्यांच्या संघाच्या कार्यालयात जायचं, त्या वर्षाच्या पानावर शिक्का मारून घ्यायचा. तो असला की पाळकसाहेब पाळक. नसला तर लग्न लावता येत नाही, बाप्तिस्मा देता येत नाही, मंडळीने राहायला दिलेलं घरही सोडावं लागतं. दिसायला मी एवढीशी, पण एका घराचं छप्पर माझ्या अंगावर होतं.

छापखान्यात माझ्यासोबत कितीतरी बहिणी शिवल्या गेल्या. आम्ही सगळ्या कोऱ्या, सगळ्या सारख्या. कोण कोणाच्या खिशात जाणार हे आमच्या हातात नसतं. मी गेले ती एका हसऱ्या, ढगळ कोटातल्या माणसाच्या खिशात. त्याने मला उघडलं, स्वतःचा फोटो बघितला आणि बायकोला म्हणाला, “हा माणूस मला कुठेतरी बघितल्यासारखा वाटतो.”

खरं सांगायचं तर मला सांभाळलं ते त्या बाईंनीच. शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या शेजारी माझी जागा होती. फेब्रुवारी लागला की त्या मला बाहेर काढायच्या आणि नूतनीकरणाचा चार पानी अर्ज टेबलावर पसरायच्या.

“अहो, यंदा प्रशिक्षणाचे किती दिवस भरले?”

“पाच. त्यातले दोन मी मागच्या बाकावर झोपलो होतो.”

“मग तीन लिहू?”

“तीनच लिही. मला खोटी सही करायला लावू नकोस.”

आणि बाई खरंच विचारात पडायच्या. शेवटी पाच लिहायच्या. त्यांचं अक्षर शाळेतल्या बाईंसारखं, सुटं आणि उभं. शाईचा एक डाग पडला तरी अख्खा अर्ज नव्याने लिहायच्या. एकोणीस वर्षांत एकदाही आमचा अर्ज परत आला नाही. कार्यालयातल्या शिक्का मारणाऱ्या बाई तर म्हणायच्या, “तुमचा अर्ज मी इतरांना नमुना म्हणून दाखवते.” त्या दिवशी आमच्या बाईंची चाल वेगळी असायची.

विसाव्या वर्षी, अर्ज भरायच्या चार महिने आधी, पाळकसाहेबांना पक्षाघाताचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला. वाणी सुधारली नाही. म्हणजे आवाज खणखणीत होता, पण डोक्यातला शब्द वेगळा आणि तोंडातून पडणारा वेगळा. चहा हवा असला की म्हणायचे, “चप्पल दे.” सुरुवातीला दोघं हसायची. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल.

मंडळीने तेवढा वेळ दिला नाही, असंही म्हणता येणार नाही. दोन महिने दुसऱ्या कोणी उपदेश केला. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी हट्ट धरला, की उपासनेच्या शेवटी आशीर्वाद तरी मीच देणार. मी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होते. त्यांची छाती धडधडत होती ती मला स्वतःच्या अंगावर जाणवत होती. ते पुढे आले, दोन्ही हात उंच केले आणि भरल्या आवाजात म्हणाले, “देव तुम्हां सर्वांना आजार देवो.”

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं. हसू पुढे पुढे सरकत आलं. पाळकसाहेबांना आपण काय बोललो ते कळलं होतं. ते दुरुस्त करायला गेले आणि पुन्हा तेच म्हणाले, आणखी मोठ्याने.

हसण्यावारी गेलं असतं. पण तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावर बसणारी एक म्हातारी न्यूमोनियाने आजारी पडली आणि आठवड्यात गेली. तिच्या मुलांनी मंडळीच्या चिटणीसांकडे लेखी तक्रार दिली. पाळकाने भर उपासनेत शाप दिला, असे तक्रारीतले शब्द होते. म्हातारीच्या अंत्यविधीला पाळकसाहेब गेले तेव्हा थोरल्या मुलाने त्यांना फाटकातच थांबवलं. “तुम्ही नको,” एवढंच म्हणाला.

नूतनीकरणाच्या अर्जासोबत चिटणीसांचं शिफारसपत्र लागतं. चिटणीस म्हणजे चाळिशीचा एक गृहस्थ, त्याचं चष्म्यांचं दुकान. त्याचं लग्न पाळकसाहेबांनीच लावलेलं. बाई मला पर्समध्ये घेऊन त्याच्या दुकानात गेल्या. त्याने त्यांना स्टुलावर बसवलं आणि एकामागून एक तीन गिऱ्हाइकं केली. शेवटी एक चष्मा पुसत पुसत म्हणाला, “काकू, मला फार वाईट वाटतं.”

“वाईट वाटू दे. पत्र दे.”

“पत्र मी देतो ना. पण साहेबांनी आधी राजीनामा लिहावा. तब्येतीचं कारण द्यायचं. मग मी असं पत्र देतो की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल.”

“राजीनाम्यानंतर पत्राचं काय लोणचं घालू?”

तो हसला. “काकू, तुमची जीभ मात्र शाबूत आहे.”

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्याने मागून हाक मारली, “आणि काकू, घराची रंगरंगोटी सध्या थांबवा. कोणाच्या उपयोगी पडेल, सांगता येत नाही.”

शेवटी त्याने पत्र दिलं, पण कोरडं. ‘निर्णय समितीवर सोपवतो.’ त्यामुळे शिक्का नुसता मिळणार नव्हता. पाळकसाहेबांना नोंदणी समितीपुढे हजर राहून सेवेस योग्य असल्याचं दाखवायचं होतं.

मग महिनाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तालीम चालली. मी मिठाच्या बरणीला टेकून उभी असायचे. बाई भाजी चिरता चिरता आशीर्वादाचं एकेक वाक्य म्हणायच्या, पाळकसाहेब मागून म्हणायचे. चुकलं की बाई सुरी टेबलावर आपटायच्या. “पुन्हा.” कधी कधी तीस तीस वेळा. एकदा ते रडले. बाई म्हणाल्या, “रडून शिक्का मिळत नाही. पुन्हा.” आणि खरंच, महिना संपता संपता त्यांना तो आशीर्वाद पहिल्यापासून शेवटपर्यंत यायला लागला. त्या दिवशी बाईंनी त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि लगेच कोणी बघितलं तर नाही ना, म्हणून खिडकीकडे पाहिलं.

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष स्वतः जुने पाळक, बोलायला अत्यंत गोड. त्यांनी पाणी विचारलं, खुर्ची जवळ ओढून दिली. मला टेबलावर यंदाच्या पानावर उघडून ठेवलं. शेजारी शिक्का आणि शाईची गादी. शिक्का इतक्या जवळ होता की मला शाईचा वास येत होता.

पाळकसाहेब उभे राहिले. हात वर केले. एकही शब्द न अडखळता त्यांनी आशीर्वाद दिला. शेवटच्या ‘आमेन’वर बाईंनी इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. एका सभासदाने शिक्क्याकडे हातही नेला.

“वा,” अध्यक्ष म्हणाले. “पाठांतर फारच छान झालंय. आता एक साधा प्रश्न. या शेजारी बसल्यात त्या तुमच्या कोण?”

पाळकसाहेब बाईंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की उत्तर त्यातच होतं. पण समितीला उत्तर तोंडातून हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, “मोलकरीण.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं आणि मऊ आवाजात म्हणाले, “बाई, आम्ही समजू शकतो.”

माझ्यावर शिक्का बसला, पण तो नेहमीचा नव्हता. यंदाच्या पानावर तिरकं, लाल शाईत, ‘रद्द’. मग फोटोच्या पानाला भोक पाडायचं यंत्र लावलं. ते नेमकं पाळकसाहेबांच्या ओठांवर बसलं. जाणूनबुजून नसेल. हिशेबासाठी मला कार्यालयात ठेवायला हवं होतं, पण पाळकसाहेबांनी मला असं घट्ट धरलं की अध्यक्ष म्हणाले, “असू दे, मागाहून पाठवा.”

परतीच्या वाटेवर बाई भराभर चालत होत्या. पाळकसाहेब दर दहा पावलांनी त्यांच्याकडे बघायचे, काहीतरी सांगायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. आता तोंडातून काय पडेल याची त्यांना स्वतःलाच भीती बसली होती.

महिन्याभरात घर सोडलं. दोघं मुलीकडे राहायला गेली. मुलगी दिवसभर कामावर असायची, त्यामुळे दुपारी घरात ही दोघंच. आणि तिथे बाईंनी एक नवीन पद्धत सुरू केली. ताट वाढायचं, ते हातातच धरायचं आणि विचारायचं, “मी कोण?”

पाळकसाहेब प्रयत्न करायचे. “बादली.” बाई मान हलवायच्या. “शाळा.” “दार.” एकदा “आई” म्हणाले. जेवण निवून जायचं. बाई ताट खाली ठेवायच्या नाहीत. हा औषधोपचारच आहे, असं त्या मुलीला सांगायच्या. पण त्यांचा आवाज मी वीस वर्षं ऐकलाय. तो औषध देणाऱ्याचा आवाज नव्हता. नळाखाली भांडी घासताना त्या एकदा स्वतःशीच म्हणाल्या, “एवढी वर्षं मनात हेच होतं वाटतं.”

तेव्हापासून पाळकसाहेबांनी मला जवळ घेतलं. दुपारी बाईंचा डोळा लागला की ते पेन्सिलीचा तुकडा काढायचे आणि माझ्या पुढच्या कोऱ्या पानांवर, ज्या वर्षांचे शिक्के आता कधीच येणार नव्हते त्या पानांवर, लिहायला बसायचे. अक्षर लहान मुलासारखं, वेडंवाकडं. एकच शब्द. बायको. बायको. बायको. पेन्सिल इतकी दाबायचे की दुसऱ्या बाजूलाही वळ उठायचे. नऊ पानं भरली.

एक दिवस अंथरूण झटकताना मी बाईंच्या हाती लागले. त्यांनी उघडलं. उभ्याच होत्या, त्या बसल्या. पान उलटत गेल्या. मला वाटलं, आता तरी. माझ्यासारख्या कागदाला जेवढी आशा करता येते तेवढी मी केली.

बाईंनी मला पाळकसाहेबांपुढे धरलं. “म्हणजे येतं तुम्हाला! शब्द माहितीय! मग त्या दिवशी का नाही बोललात? त्या तिघांसमोर का नाही बोललात?”

पाळकसाहेबांनी हात जोडले. त्या दुपारी ताट हातात धरायची वेळच आली नाही. कोणीच जेवलं नाही.

संध्याकाळी मुलीला सगळं कळलं. ती आईवर ओरडली, “अगं, तो आजार आहे! त्यांच्या हातात नाही ते!” बाई म्हणाल्या, “मला माहितीय.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “मला सगळं माहितीय गं.” पण माहीत असणं आणि विसरणं या दोन गोष्टी त्यांना काही केल्या जुळवता येत नव्हत्या.

गेल्या आठवड्यात संघाचं पत्र आलं. रद्द झालेली पुस्तिका परत करावी. आत कोणताही अनधिकृत मजकूर नसावा. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग टेबलाशी बसल्या, चष्मा लावला, खोडरबर घेतलं आणि माझं एकेक पान पुसायला लागल्या. समोर पाळकसाहेब बसले होते. मुलगी म्हणाली, “आई, राहू दे ना. कोण बघणार आहे?”

“अर्धवट कागद मी आजवर पाठवला नाही,” बाई म्हणाल्या. आणि पुसत राहिल्या. शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला. थांबला तो बराच वेळ थांबला. पाळकसाहेबांनी आपल्या हाताने रबराचा चुरा गोळा करायला सुरुवात केली. तेव्हा बाईंनी तेही पान पुसलं.

आता मी पाकिटात आहे. बाईंनी पत्ता सुट्या, उभ्या अक्षरात लिहिलाय. उद्या मी शिक्का मारणाऱ्या बाईंच्या टेबलावर पोचेन. त्या मला उघडतील, पानं मोजतील, रद्दच्या गठ्ठ्यात घालतील. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. बाई, गठ्ठ्यात टाकण्याआधी मला एकदा खिडकीपाशी न्या. शेवटची नऊ पानं उजेडात तिरकी धरा. शिसं गेलंय, वळ गेलेले नाहीत. मोठ्याने वाचा. त्या घरात तो शब्द अजून कोणी मोठ्याने म्हटलेला नाही.