रिकाम्या गाडीचं माप

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. कोणत्या कंपनीची म्हणून विचाराल, तर नाकावरची नावाची पट्टी माझ्या तरुणपणीच कुठल्याशा खड्ड्यात गळून पडली आणि तेव्हापासून सगळं रिसोड मला 'म्हैस' म्हणतं. रंग काळा, अंग जाड, आणि एकदा रस्त्यात बसले की उठायचं नाव नाही. आधी मला या नावाचा फार राग यायचा. पण ज्या माणसानं ते ठेवलं, तोच मला रोज सकाळी धुऊन-पुसून घ्यायचा, म्हणून राग काही टिकला नाही.

तो माणूस म्हणजे इंद्रभान. मी बोटीतून मुंबईच्या बंदरात उतरले आणि अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींच्या दारी आले, तेव्हा इंद्रभान त्यांचा ड्रायव्हर होता. माझं इंजिन पेट्रोलचं होतं आणि आवाज इतका मऊ, की ते चालू आहे का बंद हे कळायला त्याला बॉनेटवर हात ठेवावा लागे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? पुढे शेटजींनी नवी गाडी घेतली आणि मला इंद्रभानच्या गळ्यात मारलं. तो मला आपल्या गावी रिसोडला घेऊन आला आणि मालेगाव, किन्हीराजा, वाशीम अशी सवारी नेऊ लागला. बाजाराच्या दिवशी माझ्या पोटात माणसं, कोंबड्या, गाठोडी सगळं मावायचं. लग्नाच्या दिवसांत तर मला हार पडायचे.

वर्षातली एक फेरी मात्र भाड्याची नसे. इंद्रभानच्या वडिलांनी, भिवाजीबाबांनी, छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर माथा टेकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. इंद्रभान त्यांना आणि वस्तीतल्या आणखी काही जणांना माझ्यातून घेऊन जाई. तिथं पोचल्यावर सगळे आत जात आणि इंद्रभान माझ्या पायरीवर बसून राही. माझ्या दारांना कुलपं लागत नव्हती, आणि नळी घालून पेट्रोल ओढून नेणारे लोक गर्दीत असतातच. भिवाजीबाबा दरसाल म्हणत, "इंद्रा, एकडाव तरी माह्यासंग आत चाल ना बाप्पा."

"मंग गाडीपाशी कोन बसन, बाबा?"

एवढ्यावर बोलणं संपे. बाबा दुसऱ्या कुणाचा खांदा धरून गर्दीत शिरत, आणि इंद्रभान त्यांचं पांढरं पागोटं दिसेनासं होईपर्यंत तिकडे बघत राही. हे मी दरवर्षी पाहत आले.

मग पेट्रोल महागलं. आणि मी तर पिण्यात पटाईत. इंद्रभाननं काही महिने ओढूनताणून चालवलं, शेवटी मला घरामागच्या चिंचेखाली उभं केलं आणि तो दुसऱ्याच्या ट्रकवर जाऊ लागला. माझ्या मागच्या गादीवर कोंबडी अंडी घालू लागली. त्याची बायको पंचफुला रोज ती अंडी काढून न्यायची आणि जाताना माझ्या काचेवरची धूळ पदरानं पुसायची. गाडीला आणखी काय हवं असतं? पण रस्ता हवा असतो, मित्रांनो.

चौऱ्याहत्तर सालचा पावसाळा सरत आला तेव्हा भिवाजीबाबांचे गुडघे पार गेले होते. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती. एका सकाळी ते काठी टेकत चिंचेखाली आले आणि इंद्रभानला म्हणाले, "बसीनं मले आता जमत नाई. पुढच्या दसऱ्याले मी असन का नसन. यंदा मले न्यायचं, अन् तू संग आत यायचं. दुसरं काई मांगत नाई मी."

दुसऱ्या दिवशी बैल जुंपून इंद्रभाननं मला बदरुद्दीन मिस्त्रीच्या कडुनिंबाखाली नेऊन उभं केलं. म्हशीला बैल ओढताना बघून सगळा बाजार हसला. मी मान खाली घालून गेले.

बदरुद्दीन मिस्त्री म्हणजे हाडकुळा, तापट आणि मनानं लोण्याचा गोळा. त्यानं अकोल्याच्या भंगारातून एका उलटलेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन हुडकून आणलं. माझ्यापेक्षा कितीतरी नव्या जमान्याचं होतं ते, वजनदार आणि रांगडं. डिझेल स्वस्त, म्हणजे इंद्रभानला पुन्हा धंदा करता येणार आणि दसऱ्याची फेरीही होणार. माझं मऊ आवाजाचं इंजिन दोरखंडानं वर उचललं गेलं, तेव्हा मला कसंसंच झालं. पंचफुलानं ते पोत्यानं झाकून ठेवलं.

ते दिवस रमजानचे होते. बदरुद्दीन दिवसभर घोटभर पाणीही न पिता माझ्या पोटाखाली पडून असे. पिंपातलं डिझेल टाकीत घ्यायचं तर नळी तोंडानं ओढावी लागते, आणि रोजा असताना त्याला ते चालणार नव्हतं. ते काम इंद्रभाननं केलं. पहिल्याच खेपेला त्याचं तोंड डिझेलनं भरलं आणि तो दिवसभर थुंकत हिंडला. संध्याकाळी रोजा सोडताना बदरुद्दीननं पहिला खजूर त्याच्या हातावर ठेवला. "घे. आधी तुह्या तोंडाची चव जाऊ दे, माह्या रोज्याचं अल्ला पाहून घेईन."

इंजिन बसलं. ते सुरू झालं तेव्हा मीच दचकले, पिठाची चक्की अंगात शिरल्यासारखं वाटलं. शरमेनं मेले मी. पण कानानं कमी झालेले भिवाजीबाबा खूश होऊन म्हणाले, "आता कसं. पहिले तं गाडी चालू हाय का नाई, मले समजतच नव्हतं." त्या दिवसापासून मी त्या आवाजाला नावं ठेवायचं सोडून दिलं. बंद करायला इंद्रभाननं किल्ली फिरवून काढून घेतली, तरी इंजिन धडधडतच होतं. डिझेलचं इंजिन किल्लीनं बंद होत नाही, त्याला वेगळी तार ओढावी लागते, आणि ती तार जोडायची मिस्त्री विसरला होता. इंजिन हवा ओढतं त्या तोंडात त्यानं पोत्याचा बोळा कोंबला, तेव्हा कुठं ते गप्प झालं, आणि मग त्यानं तार जोडून घेतली.

पण खरी चूक अजून कळायची होती. माझं इंजिन पुढे असतं आणि ताकद लागते मागच्या चाकांना. ती ताकद नेणारा एक लांब दांडा माझ्या पोटाखालून जातो. नव्या इंजिनासाठी तो कापून पुन्हा जोडावा लागला होता. ईद झाली, बाबांना आणि वस्तीच्या माणसांना बसवून इंद्रभान मला चाचणीला घेऊन निघाला, आणि गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात माझ्या पोटात असा दणका बसला की मी जागीच बसले. दांडा लांब पडला होता. माणसांच्या वजनानं मागचं अंग खाली दबलं आणि दांड्याला मागेपुढे सरकायला जागाच उरली नाही.

पुन्हा बैल आले, पुन्हा बाजार हसला. दसरा तोंडावर आला होता. भिवाजीबाबा काठीवर हनुवटी ठेवून मिस्त्रीकडे बघत बसले. बदरुद्दीननं कपाळावर हात मारून घेतला.

"मीनं तुमची गाडी इटांवर उभी करून माप घेतलं, बाबा. चाकं लटकून राह्यली होती अन् आत कोनीच नव्हतं. रिकाम्या गाडीचं माप घेतलं मीनं."

"मंग भरल्या गाडीचं घे ना," बाबा म्हणाले. "आमी काई मेलो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाखाली जत्रा भरली. बदरुद्दीननं फर्मान काढलं, "जे नागपूरले जानार, तेच बसा. तमाशा पाहनाऱ्याईनं दूर राहा. अन् शिदोरीचं गठुडं बी आना." पंचफुला भाकरीच्या पिठाचं, कांद्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. मागे शेजारचे दाटीवाटीनं बसले. पुढच्या जागेवर धुतलेलं पांढरं धोतर आणि पागोटं घालून भिवाजीबाबा. उभ्या गाडीत सगळे असे गंभीर चेहरे करून बसले होते, जसं काही वाटेतलं वर्धा आलंच आता. बदरुद्दीन खाली उताणा पडून दोरीनं माप घेत होता आणि ओरडत होता, "हलू नका रे, कोन हलून राह्यलं?"

"मले खोकला आला," बाबा वरून म्हणाले.

माप झालं. सगळे उतरले. बाबा मात्र बसूनच राहिले. इंद्रभान दार उघडून हात द्यायला गेला, तर म्हणाले, "राहू दे. उतरलं का पुन्हा बसाले तरास होते. दांडा येईपर्यंत बसतो मी इथंच." दांडा वाशीमच्या लेथ मशीनवरून कापून यायला संध्याकाळ झाली. तोवर ते माझ्यात बसले होते. पंचफुलानं त्यांना तिथंच जेवायला वाढलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. सोबत बदरुद्दीनही होता. वाटेत काही झालं तर बैल कुठून आणणार, असं तो म्हणाला. काही झालं नाही. मी खड्डे झेलत, चक्कीसारखी धडधडत, सगळी माणसं पोटात घेऊन नागपूरला पोचले. गर्दीच्या अलीकडेच गाड्या थांबवल्या होत्या. इंद्रभाननं तार ओढली, मी गप्प झाले. सगळे उतरले, आणि तो सवयीनं माझ्या पायरीवर बसला.

बदरुद्दीननं त्याला दंडाला धरून उठवलं. "ऊठ. मी कायले आलो एवढ्या दूर? हे तुही जागा नाई आज. जाय, बाबा उभे हायेत."

इंद्रभान घुटमळला. "तू एकटा बसशीन?"

"एकटा काहून? म्हैस हाय ना."

भिवाजीबाबांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. मग दोघं त्या पांढऱ्या गर्दीत शिरले, बाबा हळूहळू आणि इंद्रभान त्यांच्या पावलाला पाऊल देत. बदरुद्दीन पायरीवर बसून पंचफुलानं दिलेली भाकरी खात होता आणि मधूनच मान उंचावून बघत होता.

मित्रांनो, मला मान्य आहे, जुन्या गाड्यांची निगा ठेवा, त्यांना तेलपाणी करा, चिंचेखाली विसरू नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं. तेही सांगते. पण त्याआधी एक सांगते. माझी राखण करता करता एक मुलगा कितीतरी दसरे बापापासून दूर, माझ्या पायरीवर बसून राहिला, आणि त्या दिवशी दुसरा एक माणूस आपणहून ती जागा घेऊन बसला, म्हणून तो मुलगा आत गेला. तुमच्या घरी, गावी, गर्दीच्या कडेला असं कुणीतरी बसलेलं असतं. एकदा त्याच्या जागी तुम्ही बसा, आणि त्याला म्हणा, तू जा.