शंभराची रेघ

धाकट्या साडूचा आलेख वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर जाणार हे कळल्यापासून थोरल्याच्या पोटात दुखत होतं. सख्ख्या बहिणींचे नवरे, आणि दोघंही राज्याच्या सांख्यिकी कार्यालयात. नोकरीत थोरला आधी लागलेला. पण सासरेबुवा पाहुण्यांना जावयांची ओळख करून देताना सुरुवात धाकट्यापासून करत. आता विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ज्याचं मुखपृष्ठ त्याची खुर्ची, असं सगळेच धरून चालले होते.

आलेख साधा होता. देशाचं दरडोई उत्पन्न दर वर्षी शंभर धरायचं आणि राज्याचा माणूस त्याच्या किती वर, किती खाली ते दाखवायचं. थोरला वर्षानुवर्षं हीच रेघ काढत आला होता. एकेकाळी ती शंभराच्या चांगली वर होती. मग घसरत घसरत अलीकडे खाली गेली. राज्य काही गरीब झालं नव्हतं. बाकीचे जास्त वेगाने श्रीमंत झाले होते. हे दुखणं थोरल्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

धाकट्याच्या आलेखात मात्र तीच रेघ शेवटी शंभर ओलांडून झोकात वर गेली होती. साहेब खूश.

थोरल्याने मूळ आकडे काढून पाहिले आणि त्याला मनातून गुदगुल्या झाल्या. शेवटच्या काही वर्षांत धाकट्याने राज्याचं उत्पन्न महागाईसकट घेतलं होतं आणि देशाचं महागाई वगळून. एकाला उंच टाचांच्या बुटात उभं करायचं, दुसऱ्याला अनवाणी, आणि मग उंची मोजायची, तसला प्रकार.

अहवालाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी धाकटा स्वतःच आलेख घेऊन त्याच्या टेबलाशी आला. रेघ जरा जास्तच उडी मारतेय, असं त्यालाही वाटत होतं.

"दादा, एकदा नजर टाका ना. तुमच्यासारखा डोळा नाही माझा."

थोरल्याने कागद बराच वेळ न्याहाळला. "ठीक आहे की," एवढंच म्हणाला आणि कागद परत दिला.

बैठकीत सचिवबाईंनी आल्या आल्या त्या उडीवर बोट ठेवलं. किमती कोणत्या धरल्या, महागाईसकट की महागाई वगळून, असं विचारलं. धाकटा चाचरला. थोरला खुर्चीत सरसावून बसला. उत्तर त्याच्या जिभेवरच होतं.

"मलाही शंका होती, मॅडम," धाकटा म्हणाला. आवाजात लबाडीचा लवलेश नव्हता, हेच वाईट. "म्हणून कालच दादांना दाखवलं. ते ठीक आहे म्हणाले, मग मी निर्धास्त झालो."

सगळ्या माना वळल्या. माहीत होतं म्हणावं तर लबाड, लक्षात आलं नाही म्हणावं तर अडाणी. थोरल्याने अडाणीपण पत्करलं.

मुखपृष्ठ रद्द झालं. विभागप्रमुख बाहेरून येणार, ही बातमी जेवणाच्या सुट्टीआधीच कार्यालयभर फिरली. दुपारी दोघं साडू एकाच टेबलाशी बसून रेघ नव्याने काढत होते. ती मुकाट्याने शंभराखाली गेली.

"जाऊ द्या हो, दादा," धाकटा म्हणाला. "आपटलो ते दोघं बरोबरच आपटलो."

थोरल्याने मान डोलावली. दोघंही सारखेच खाली आले, म्हणजे मधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. रविवारी सासरी जायचं होतं, आणि ओळख धाकट्यापासूनच सुरू होणार होती.