फाटकाची मोकळी बाजू

"घाल, घाल अंगावर! थांबलास कशाला?" ताई रस्त्यात पाय रोवून ओरडत होती आणि जीपवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. "आधी मला आडवी कर आणि मग जा तुझ्या कामाला!"

जीपवाला काहीतरी पुटपुटला, पण गाडी मागं घेतली. मी माझ्या पंक्चरच्या दुकानात ट्यूब घासत बसलो होतो. मला हे रोजचंच होतं. रेल्वेच्या फाटकावरची गेटमन म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. बाई असली तरी कागदावर गेटमनच. गावानं तिचं नाव फाटकीण पाडलं होतं, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आमच्या फाटकाची गोम अशी, की दांडा रस्त्याच्या अर्ध्या भागावरच पडायचा. डावी बाजू बंद, उजवी मोकळी. एखादी गाडी रुळांवर सापडली तर तिला निसटायला वाट हवी, असा त्यामागचा हिशोब. हिशोब करणाऱ्यांनी माणसं बघितली नसावीत. दांडा पडला की निम्म्या गाड्या उजवीकडून वळसा घालायच्या, रूळ ओलांडायच्या आणि पलीकडे परत डावीकडे येऊन पसार व्हायच्या. त्यात रुळांच्या जोड्या दोन, एक जायची आणि एक यायची. एक आगगाडी धडधडत गेली की लोकांना वाटायचं, सुटलो. तिच्या आडून दुसरी उलटी येतेय, हे कुणाला दिसायचं नाही.

असाच एक मोटारसायकलवाला गेला. त्याला रुळांवरून गोळा करायला ताईनं हात लावला होता. नंतर कितीतरी दिवस तिला जेवण जात नव्हतं. रस्त्याच्या मधोमध खांब रोवा, म्हणजे कुणाला वळताच येणार नाही, असे तिनं अर्जावर अर्ज केले. उत्तर एकच, विचार चालू आहे. विचार करणारे तिकडे बसलेत आणि मरणारे इथं आहेत, असं म्हणून तिनं अर्ज बंद केले आणि स्वतःच खांब झाली. नियमानं तिनं केबिनच्या दारात उभं राहून येणाऱ्या गाडीला झेंडी दाखवायची. ती दांडा पाडायची आणि झेंडी घेऊन त्या मोकळ्या अर्ध्यात जाऊन उभी राहायची. मी म्हणायचो, "अगं, एखादा खरंच घालेल अंगावर!" ती म्हणायची, "घालू दे. तेवढ्यात आगगाडी निघून जाईल."

दांडा उचलणारी मोटर म्हातारी झाली होती. गाडी गेल्यावरही दांडा कण्हत कुंथत वर यायचा, आणि मागं लागलेली रांग ताईच्या नावानं बोटं मोडायची. म्हणून शेवटची आगगाडी गेली की ती बाजूला व्हायची आणि पुढच्या चार गाड्यांना मोकळ्या अर्ध्यातून जाऊ द्यायची. होता होता लोकांनी दांड्याकडे बघणंच सोडलं. ताई उभी असली की बंद, बाजूला झाली की चालू. ते बरं चाललंय असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

शाळेची व्हॅन चालवणाऱ्याला पोरं गोगलगाय म्हणायची. इतकं सावकाश चालवायचा, की सायकलवालेसुद्धा त्याला मागं टाकताना "बसून राहा रे" म्हणायचे. तो हसायचा. रस्ता रिकामा असला तरी ताई बाजूला होईपर्यंत त्यानं कधी वळसा घातला नाही. फाटकाशी आला की इंजिन बंद करून बसायचा. ताई त्याची चेष्टा करायची, "काय रे, पेट्रोल वाचवून बंगला बांधतोयस का?"

"बायकोला शब्द दिलाय, ताई. विटा आल्यात, आता फक्त जागा, वाळू आणि सिमेंट राहिलंय."

त्या सकाळी तो मुलांना शाळेत सोडून रिकामी व्हॅन घेऊन परतत होता. रांगेत पहिला. पहिली आगगाडी गेली, दुसरी यायची होती, ताई जागेवर उभी होती. तेवढ्यात पायी जाणाऱ्यांच्या फटीतून एक म्हातारा काठी टेकत रुळांवर आला. ताईनं हाका मारल्या, पण त्याला ऐकूच येत नव्हतं. ती झेंडीसकट पळाली, त्याला दंडाला धरून ओढलं आणि कडेच्या खडीवर, केबिनच्या आड घेऊन पडली. इकडे मोकळा अर्धा मोकळा झाला.

व्हॅनचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. हातातली ट्यूब टाकून उठलो, ओरडलो, दोन्ही हात हलवले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि रोजच्यासारखा मला हात केला. मग गाडी काढली.

त्यापुढचं मी सांगणार नाही. माझ्यानं होणार नाही.

गावाला चघळायला विषय मिळाला. शाळेच्या दारात मुलांना आणायला येणाऱ्या बायकापुरुषांत तर दुसरं बोलणंच नव्हतं. "नशीब, मुलं उतरली होती." "आम्हाला वाटायचं साधा माणूस आहे. गोगलगाय आणि पोटात पाय!" ज्यांच्या पोरांना त्यानं पावसापाण्यात दारापर्यंत पोचवलं, तीच ही माणसं. जीभ काय, हाड थोडंच असतं तिला!

ताई सुट्टी झाली की माझ्या दुकानात येऊन बसायची. एके संध्याकाळी व्हॅनवाल्याची बायको तिथंच आली. मी स्टूल दिलं, पण ती बसली नाही.

"बाई, तुम्ही रोज बघायच्या यांना," ती ताईला म्हणाली. "हे बंद फाटकातून घुसतील? मला सायकलवर घेऊन जाताना दोन्हीकडे तीनतीनदा बघणारा माणूस हो."

ती ताईच्या आणखी जवळ आली.

"माझी मुलगी त्याच शाळेत आहे. वर्गातल्या मुली तिला विचारतात, तुझ्या बाबांनी आम्हालाही मारलं असतं का? ती घरी येऊन मला विचारते. मी काय सांगू तिला?"

ताईनं उठून पाण्याचा पेला भरला आणि तिच्यापुढं धरला. ती तशीच उभी राहिली, मग न पिताच गेली.

ती वळणापलीकडे गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं. "ताई, तोंडाला कुलूप लाव. परवा चौकशी आहे. फाटक बंद होतं, बस. तू नियम मोडून रस्त्यात उभी राहायचीस हे कळलं तर घरी बसवतील तुला. पेन्शनही जाईल."

"तो थांबला होता रे."

"मला माहीत आहे! मी काय आंधळा आहे? पण मेलेला माणूस परत येणार आहे का?"

"त्याची पोरगी आहे ना अजून."

"आणि तू? तुला कोण आहे? मीच ना?" माझा आवाज चढला. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटत होती. एकदा मनावर घेतलं की ही बाई कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

चौकशी स्टेशनातल्या एका खोलीत होती. मला आणि त्याच्या बायकोला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. उकाड्यानं दार उघडंच ठेवलं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेब माणूस वाईट नव्हता. उलट ताईला सांभाळूनच घेत होता.

"फाटक बंद होतं ना?"

"होतं, साहेब."

"मग झालं तर. चालकानं बंद फाटकाला वळसा घातला. सही करा."

"नाही साहेब, तो वळसा घालणाऱ्यातला नव्हता. तो इंजिन बंद करून थांबला होता. मी रस्त्यातून बाजूला झाले, म्हणून त्याला वाटलं गाडी गेली."

आत कुणीतरी खुर्ची सरकवली. "बाई, तुम्ही केबिनच्या दारात होतात. हो की नाही?"

"नाही. रस्त्यात होते. रोज असते. मी बाजूला झाले की निघायचं, ही सवय मीच लावली सगळ्यांना."

"अहो, तुम्ही एका म्हाताऱ्याला वाचवलंत, ते मी लिहितोय. हे कशाला उकरून काढता? हे लिहिलं तर नोकरी राहणार नाही तुमची."

"तेही लिहा. पण आधी हे लिहा."

मी कपाळाला हात लावला. शेजारी त्याची बायको ताठ बसली होती. ताई बाहेर आली तशी ती उठून तिच्यासमोर उभी राहिली.

"म्हणजे तुमच्यामुळं गेले ते."

"हो," ताई म्हणाली.

"अहो वहिनी, ती त्या म्हाताऱ्याला..." मी मध्ये पडलो.

"तू गप्प बस," ताई म्हणाली.

ती बाई रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "हे आत चार माणसांनी ऐकलं," ती म्हणाली. "माझ्या पोरीला बोलतात ते शाळेशी. तिथं चला."

ताईला घरी बसवल्याचा कागद आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. फाटकावरून जाताना बघितलं, तर रस्त्याच्या मधोमध माणसं भोकं पाडून खांब रोवत होती. मी तिथल्या तिथं चार शिव्या हासडल्या. ताईनं एका खांबाला हात लावून तो हलतोय का ते बघितलं आणि पुढं चालू लागली.

शाळा सुटायची होती. दारात नेहमीची गर्दी होती. त्याची बायको ताईला घेऊन सरळ मधोमध गेली. रस्त्यावर जीपवाल्यांना दरडावणारी माझी ताई, तिच्या तोंडून पहिल्यांदा शब्दच फुटेना. मग ती बोलली. साधंच बोलली. म्हातारा कसा आला, ती कशी पळाली, सवय कुणी लावली होती.

"म्हणजे तो थांबला होता?" एकीनं विचारलं.

"थांबला होता."

काहीजण खाली बघायला लागले. एकजण मात्र मोठ्यानं म्हणाला, "कमाल आहे! माणूस मारला आणि वर सांगत फिरतेय!" ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मला राहवेना. तिचा हात धरून म्हटलं, "झालं तुझं सांगून. चल आता."

तिनं हात सोडवून घेतला नाही, पण जागची हललीही नाही. तेवढ्यात रस्त्यापलीकडून आणखी दोघीतिघी आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. आत घंटा झाली, मुलांचा गलका दाराकडे येऊ लागला.

"या आत्ता आल्यात," त्याची बायको ताईला म्हणाली. "यांना परत सांगा. मोठ्यानं. माझी मुलगी बाहेर येतेय."

ताईनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात सोडला. तिनं परत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.