आसऱ्याचं नगर

“मास्तर, हे आसऱ्याचं नगर इथून किती कोस?” मी विचारलं, तसे अमरावतीच्या वेशीपाशी जमलेले लोक खदखदून हसले.

पाद्र्यासोबत फिरून बायबल वाचून दाखवणारे देवीदास मास्तर मात्र हसले नाहीत. “नत्थुजी, जहाजानं जा लागते तिकडं. अन् एक नाई, सहा नगरं होती. वैर नसताना ज्याच्या हातून मानूस मेला, त्यानं तिथं पळून जावं. वेशीत म्हातारे त्याचं आयकून घेत. मंग सूड घेनारा त्याले हात लावत नसे.”

“अन् घरी कदी?”

“त्याईचा मोठा पुजारी मेला का मोकळा.”

कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षं. दर्यापूरच्या बाजारात मी घाई केली. चाकामागे दगड न लावता बैल सोडले. भरलेली गाडी मागे घरंगळली आणि तिच्या सावलीला बसलेला किसन चाकाखाली सापडून मेला. माझी आई गेल्यावर त्याच्या आईनं, गोदाबाईनं, मला त्याच्यासोबत वाढवलं होतं. किसनचा भाऊ पंजाबराव कुऱ्हाड घेऊन धावला आणि मी पळालो. दोन वर्षं अमरावतीच्या परकोटाच्या आत कापसाचे बोजे दाबत होतो. माझं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

मास्तरांकडून त्या नगरांचं ऐकलं, त्या दिवसापासून दर बाजाराला मी वेशीत बसू लागलो. पंजाबरावाला मारायचं तर मारू दे, पण आधी ऐकू दे.

संक्रांतीच्या सुमारास पंजाबराव आला. हात रिकामे होते. मी सगळं सांगितलं, दगडाचंही.

“मले माईत हाय,” तो म्हणाला. “मुद्दाम नाई केलं तू. पन माय अजून त्याचं ताट वाढते. तुले पायलं तर जीव देईन थे. माय हाय तवर गावात येऊ नको. गेली का निरोप धाडतो.”

“शंभर वर्सं जगू दे तिले.”

“तर मंग ऱ्हाय इथंच,” म्हणून तो गेला.

पुढे मास्तरांकडे मी अक्षरं शिकलो. बोट ठेवून ते पान वाचलं. सहाही नावं सापडली. त्या नगरातल्या माणसानं पुजाऱ्यासाठी रोज देवाकडे काय मागावं, ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

गाव सोडल्याच्या नवव्या वर्षी एका गाडीवानानं पंजाबरावाचा निरोप आणला. मी लगेच निघालो नाही. वेशीबाहेर बसलेल्या न्हाव्यापुढे डोकं वाकवलं.

“मिश्याबी काढू का बाप्पा? कोन गेलं?”

“माय,” मी म्हणालो. “सगळं काढ.”