उजवा हात

ज्याचं वाटोळं व्हावं म्हणून मी इतकी वर्षं देवाजवळ हट्ट धरला, तो माणूस अखेर देवाच्याच दारात आला, आणि त्या रविवारी चर्चच्या दारावर स्वागताला मी होते. देव मोठा मिश्कील आहे, असं माझी आई म्हणायची. तेव्हा मला ते पटत नसे.

पाळकांनी आठवडाभर आधी सांगितलं होतं. "एक गृहस्थ रविवारी पाचारणाला उत्तर देणार आहेत, प्रभूचे शिष्य होणार आहेत. पूर्वी छापखान्यात मुकादम होते. तुम्ही दारावर आहात, तर जरा प्रेमानं आत घ्या." पाळक नवीन, त्यांना जुनी भानगड माहीत नव्हती. मी तेव्हा कुणाच्या तरी पँटला टीप घालत होते. सुई सरळ बोटात गेली.

आमचे हे त्याच छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. त्या मशीनला दोन बटणं असतात, डाव्या हाताला एक आणि उजव्या हाताला एक. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे पातं पडताना माणसाचे दोन्ही हात बाहेरच राहतात. पण असं काम सावकाश होतं आणि मुकादमाला कायम घाई. त्यानं एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं. म्हणाला, एका हातानं कागद सरकव, दुसऱ्यानं बटण दाब. एक दिवस पातं पडलं तेव्हा यांचा उजवा हात आत होता. चार बोटं गेली. यांना दवाखान्यात नेईपर्यंत मुकादमानं पट्टी काढून टाकली आणि चौकशीत ठोकून दिलं, हा पिऊन कामावर आला होता. भरपाईच्या नावानं मालकानं अंगठा दाखवला. आमच्याकडेही अंगठाच उरला होता. हा विनोद यांचा आहे. मला त्यावर कधी हसू आलं नाही.

हे जन्मात दारू प्यायले नाहीत. खोकल्याचं औषध घ्यायचं तरी नाक मुरडतात.

छापखान्याचं एक वेळ सोडून देईन. पोट भरायला माणूस काहीही बोलतो. पण आमच्या चर्चच्या मंडळीनं ते खरं मानलं! हे लग्नाआधीपासून चर्चचा ऑर्गन वाजवायचे. डाव्या हातानं पुढेही वाजवला असता, मला त्यांनी घरी टेबलावर बोटं आपटून दाखवलं होतं. पण चर्चचे थोरले पंच सभेत उभे राहून म्हणाले, "दारुड्याला वेदीजवळ बसवायचं का?" कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून हे शेवटच्या बाकावर बसतात, उजवा हात खिशात घालून. मी म्हटलं, सोडू या ही मंडळी. हे म्हणाले, "मी त्यांच्यासाठी जात नाही गं." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तर आमच्याकडची रीत अशी. पाळक पुढे उभे राहून प्रभूचे शब्द म्हणतात, "माझ्यामागे ये." ज्याला शिष्य व्हायचं तो उठून पुढे जातो. मग त्याला मंडळीतलं एक माणूस सहभागितेचा उजवा हात देतं, म्हणजे आपल्यात घेतल्याची खूण म्हणून हातात हात घेतं, आणि सगळे एका आवाजात म्हणतात, "ये, आमच्यात जागा आहे." हात कुणी द्यायचा ते त्या दिवशी जो दारावर असेल तो ठरवतो.

ते मी सुई बोटातून काढली तेव्हाच ठरवलं होतं.

रविवारी सकाळी मी यांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवला. यांचे सगळे शर्ट लांब बाह्यांचे आहेत, उजवी बाही मी मुद्दाम थोडी जास्त लांब ठेवते. हा एकच जुना उरला होता.

"हा का काढलास?"

"उकडतंय."

"अगं, गारठा पडलाय."

"मग सोसा."

यांनी माझ्याकडे बघितलं आणि निमूट शर्ट चढवला.

मुकादम आला तो पार वाळून गेलेला. गालफडं बसलेली, कॉलर मानेभोवती सैल. मला त्यानं ओळखलं नाही. ओळखणार कसा, आमच्या दारावर त्याची सावली कधी पडली होती? "स्वागत आहे," मी म्हटलं आणि इतकं गोड हसले की माझं मलाच नवल वाटलं. त्याला मी पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. बकऱ्याला आधी चारा घालतात.

उपदेश मी ऐकला नाही. पाळक "माझ्यामागे ये" म्हणाले, मुकादम उठला आणि पाय ओढत पुढे गेला. पाळकांनी दाराकडे पाहून विचारलं, "उजवा हात कोण देईल?"

"आमचे हे," मी म्हटलं.

यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घरी चल, मग बोलू, अशी ती नजर. पण पाळकांनी बोलावल्यावर न जाणारा हा माणूस नाही. हे पुढे गेले. मुकादमानं हात पुढे केला, यांनी खिशातून आपला काढला. अर्धा तळवा, शिवणीचे व्रण आणि एक अंगठा.

मुकादमाचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं यांचा चेहरा पाहिला, आणि दोन्ही हातांनी तो तळवा धरून तो मोठ्यांदा म्हणाला, "पट्टी मी लावली होती. हा प्यायला नव्हता. मी खोटं बोललो."

हेच तर मला हवं होतं. सगळ्यांसमोर, त्याच्याच तोंडून.

आणि मंडळीनं काय केलं? "ये, आमच्यात जागा आहे!" कधी नव्हे इतक्या जोरात. बायका डोळे पुसायला लागल्या. पुरुष उठून मुकादमाला मिठ्या मारायला लागले. थोरल्या पंचांनी तर त्याला छातीशी धरलं. हे शेजारी उभे होते. कुणी यांच्याकडे पाहिलं नाही. थोडा वेळ थांबून हे शेवटच्या बाकावर परत आले आणि हात खिशात घातला.

मला वाटलं होतं काळीज थंड होईल. ते आणखी पेटलं. मुकादम एक लबाड माणूस होता, पण त्याच्या एका शब्दावर यांना मागे ढकलणारी ही सगळी भली माणसं होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि आता चोराला मिठ्या!

आशीर्वाद झाला, लोक दाराकडे आले. मी कडी लावून दाराला पाठ टेकून उभी होते.

"बाई, दार उघडा," थोरले पंच म्हणाले. "हे देवाचं घर आहे."

"म्हणूनच लावलंय. एकाचं स्वागत झालं, एकाचं राहिलंय. यांना उजवा हात द्या आणि तोंडानं म्हणा."

"पण ते तर आपलेच आहेत."

"मग म्हणायला तुमचं काय जातंय?"

पाळकांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पंचांकडे पाहिलं. मग तेच पहिले आले. यांनी हात बाहेर काढेपर्यंत थांबले, धरला आणि म्हणाले, "ये, आमच्यात जागा आहे." मग आता ऑर्गन वाजवणारी मुलगी आली. मग एकेक जण. कुणी अंगठाच चिमटीत धरला, कुणी डोळे मिटून घेतले. मी प्रत्येकाचं तोंड नीट न्याहाळून घेत होते. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

"अगं, पुरे," हे हळूच म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते.

"पुरे नाही."

शेवटी थोरले पंच उरले. त्यांनी डावा हात पुढे केला, कारण उजव्यात पवित्र शास्त्र होतं.

"पुस्तक मी धरते," मी म्हटलं.

त्यांनी दिलं. उजवा हात पुढे केला. त्यांनी यांचा तळवा धरला, तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मी वाट पाहत होते. दिवसभर उभी राहिले असते.

"राहू द्या, पंच," हे म्हणाले. "मी कुठे गेलोच नव्हतो."

पंचांची मान खाली गेली. हात त्यांनी सोडला नाही. मी कडी काढायला वळले आणि मला ऐन वेळी रडू फुटलं. त्याचाही मला राग आला.