शिलेदाराची ठमी

मुरूडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांत विनेशच्या ठमीसारखी गुणी घोडी दुसरी नव्हती. पाठीवरचं पोर घसरून वाळूत पडलं, की ती जागच्या जागी थांबायची. विनेशनंच गूळ भरवून भरवून तिला हे शिकवलं होतं. आयाबाया बिनघोर पोरं वर बसवायच्या त्या याच भरवशावर.

यंदा तिथं एका ऐतिहासिक मालिकेचं शूटिंग आलं. माणसं जमवणाऱ्या रचनामॅडम विनेशला म्हणाल्या, "स्वतःचा घोडा घेऊन लढाईला जायचा तो शिलेदार. म्हणजे तुम्ही शिलेदार!" झालं, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. काम एवढंच होतं: दौडत यायचं, गोळी लागली की पडायचं आणि घोड्यानं तसंच पुढे पळायचं.

"ती थांबंल," त्याची बायको हेमांगी म्हणाली. "तुमीच शिकवलंय ना? मागनं बाकीची घोडी येतील, तिचा चेंदा व्हईल."

"बाकीची पळताना बघून पळंल तीपण."

तरी संध्याकाळी त्यानं तालीम घेतली. तो मुद्दाम पडला. ठमी थांबली, त्याला हुंगू लागली. मग त्यानं तिला चाबूक मारला. जन्मात पहिल्यांदा. मारत राहिला, तेव्हा कुठे ती बिचकून पळाली, आणि याला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले, धूर सोडला, दौड सुरू झाली. विनेश बेतानं पडला. मेलेल्यानं हलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. ठमी थोडी पुढे गेली, थबकली, वळली आणि त्याच्या अंगाशी येऊन उभी राहिली. कालचा मार खाऊनसुद्धा! धुरातून आलेले घोडे तिच्यावर आदळले. ती मध्ये नसती तर त्या टापा याच्या छातीवर पडल्या असत्या. ती हातभर अंतरावर तडफडत होती आणि हा पठ्ठ्या 'कट' ऐकू येईपर्यंत डोळे मिटून मेलेलाच राहिला. धन्य ते शिलेदार!

तिचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. डॉक्टरांनी सुई दिली. सुरूच्या बनात तिला पुरलं.

"शिलेदाराचा घोडा त्याच्याच जोखमीवर असायचा, तेव्हासुद्धा," भरपाईचा विषय निघाला तेव्हा रचनामॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याचं काय करायचं? खऱ्या लढाईतल्या शिलेदारांनाही कुणीतरी हेच ऐकवलं असेल. पोवाड्यात त्यांचं नाव नाही, घोड्यांचं तर नाहीच नाही.

तो भाग टीव्हीवर लागला. ठमी धन्यापाशी उभी राहिली आणि अगदी सावकाश, तुतारीच्या सुरावर कोसळली. लगेच उरणहून गोदूआत्याचा फोन आला. तिला कुणी काही कळवलं नव्हतं.

"इनेश, काय काम केलंय रं तुज्या घोडीनं! मला रडूच आलं बग. पुढल्या भागात हाय का ती?"

हेमांगी उठून आत गेली.

"ती न्हाय आत्या," विनेश म्हणाला. "मी हाय. आता पायदळात. सोमवारी परत मरायला बोलवलंय."