जागण्यामागचा हेतू

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, असं सुखाचं काम! निवृत्त झाले आणि घरातल्यांच्या चुका काढायला लागले, तेव्हा मुलाने हात जोडले. म्हणाला, "आई, तू आता फक्त आराम कर." आरामासारखी कंटाळवाणी गोष्ट दुसरी नाही, हे त्याला साठीनंतर कळेल.

परवा दुपारी सर्वेक्षणवाली पोरगी रडवेली होऊन दारात उभी. आमच्या इमारतीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांकडून तिने फॉर्म भरून घेतले होते: वय, शिक्षण, जोडीदार आहे की नाही, घरात कोण कोण. माझाच तेवढा राहिला होता.

"आजी, सगळ्यांनी भलतंच लिहिलंय हो! मॅडम माझी बिनपाण्याने करतील."

मी चष्मा चढवला. शेवटचा प्रश्न होता: 'तुमच्या जागण्यामागे कोणता हेतू आहे?'

"अगं, जगण्यामागे! काना जास्तीचा पडलाय."

तिने कपाळावर हात मारला. मी मात्र अधाशासारखी उत्तरं वाचत सुटले. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हर, शिक्षण चौथी: 'सून रात्रपाळीहून येते. तिचा चहा मीच करतो.' समोरच्या प्राचार्यबाई, अविवाहित, दोन पदव्या: 'डास.' तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, बायको अंथरुणाला खिळलेली: 'दर दोन तासांनी हिची कूस बदलायची असते.'

"आता नवे फॉर्म छापावे लागणार," पोरगी कुरकुरली.

"काही नको. जगण्याबद्दल विचारलं असतंस, तर सगळ्यांनी 'समाजसेवा' लिहून तुझी बोळवण केली असती."

तिने माझा फॉर्म पुढे केला. वय एकाहत्तर, विधवा, मुलासोबत राहते, हे भराभर लिहिलं. शेवटच्या ओळीवर पेन अडलं. मुलगा उशिरा येतो, पण त्याच्याकडे किल्ली असते. माझी झोप मोडू नये म्हणून पाय न वाजवता आत येतो. गुणी आहे हो कार्टं! मला साधा डाससुद्धा चावत नव्हता. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

"आजी, रिकामं ठेवलंत तरी चालेल."

"तुला चालेल, मला नाही. थांब जरा."

मुलाला ऑफिसात फोन लावला. "आजपासून मी दाराला आतून कडी लावणार आहे."

"अगं आई, मग मी आत कसा येऊ?"

"बेल वाजव. मी जागी असेन."